फळा पुसण्यापुरता वेळ

आज माधव नगरच्या शाळेत, प्रार्थनेनंतरच्या माझ्या इंग्रजीच्या तासाला, एक मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली आणि अडली. मी डस्टर उचललं. खडूच्या भुकटीचा वास आला आणि मी थेट सातवीत पोचले.

आमच्या घरी मराठी, शाळेत हिंदी. मनातलं मराठी वाक्य आधी हिंदीत जायचं, मगच इंग्रजीत. तोवर वर्ग हसायला लागायचा. त्या सकाळी दुबे मॅडमनी इंग्रजीत विचारलं, सुट्टीत काय केलंस? मी उभी राहिले, पण वाक्य हिंदीतच अडकलं. मागून कुणी म्हणालं, "मॅडम, इसको नहीं आता!"

"आता है. पहले मुझे बोर्ड तो पोंछने दो," म्हणत मॅडम पाठमोऱ्या झाल्या आणि सावकाश फळा पुसत राहिल्या. मी मान खाली घालून शब्द जुळवले आणि चक्क तीन वाक्यं बोलले. मॅडम वळल्या, हिरव्या साडीवर पांढरी भुकटी. वर्गाला एवढंच म्हणाल्या, "देखा?"

मला वाटलं होतं, नशीब माझं, नेमका तेव्हाच फळा पुसायचा होता.

आज त्या मुलीकडे पाठ करून मी कोरा फळा पुसत होते, तेव्हा आठवलं. दुबे मॅडमचा तासही प्रार्थनेनंतरचा, दिवसातला पहिलाच असायचा.