पुस्तकातला वीजवाला

चोवीस वर्षं फौजेत काढली, पण कुणाचा हेवा केला नाही. बढती माझी हुकली आणि शेजारच्या खाटेवरच्याला मिळाली, तेव्हाही मी त्याचा पेढा गोड मानून खाल्ला. आणि घरी येऊन दहा वर्षं झाल्यावर पुस्तकातल्या एका गोऱ्या माणसावर जळलो. चांगलाच जळलो.

मुलगी सांगलीला दिलीय. तिथल्या वाचनालयातून ती आईसाठी पुस्तकं आणते. या वेळचं पुस्तक म्हणजे एक जाडजूड भाषांतर होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परदेशात भरलेलं जागतिक प्रदर्शन, त्यात लेस विणून विकणारी एक खेड्यातली पोरगी आणि सगळ्या प्रदर्शनाचे दिवे सांभाळणारा एक वीजवाला. एवढं मला बायकोनं सांगितलं, तेही भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता.

आमचं घर साताऱ्याकडं, रानातच आहे. घरचा बल्बही शेतीच्या लाईनवर. लाईट आली की बल्ब लागतो, बायको ओट्यावरून हाक देते आणि मी विहिरीवरची मोटर चालू करतो. दहा वर्षांत ही हाक चुकली नव्हती. त्या दिवशी मी उसाच्या बांधावर दोन तास बसून राहिलो. शेवटी कंटाळून घरी आलो, तर बल्ब लखलखीत आणि त्याच्याखाली ही पुस्तकात डोकं घालून बसलेली.

"अगं, लाईट कवा आली?"

"आत्ताच त्यानं बटण दाबलं बघा," ती म्हणाली. "हजारो दिवे एकदम लागलं. आन पैला दिवा तिच्याच दुकानावर!"

पाण्याची पाळी गेली ती गेलीच. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा बघून ते तसंच मिटलं. मी सुट्टीवर यायचो तेव्हा हा चेहरा कधी पाहिल्याचं आठवेना.

मग मी त्या वीजवाल्याच्या हात धुऊन मागं लागलो. दिवसभर त्या पोरीला चिठ्ठ्या लिहितो, तर दिवे कोण बघतं? ह्याला कुणी वरिष्ठ नाही का? "तुमच्यासारखं सावधान-विश्राम नसंल त्याला," ती हसून म्हणाली आणि पान उलटलं.

पुढं भाचीच्या बाळाच्या बारशाला ती दोन दिवस माहेरी, शिराळ्याकडं गेली. पुस्तक उशाशी ठेवून गेली. चाळीसेक पानं राहिली होती, तिथं खुणेला दोरा घातलेला. मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. जेवणसुद्धा पुस्तक समोर ठेवून केलं.

मधे एका ठिकाणी पेन्सिलीची बारीक रेघ दिसली. एरवी दुसऱ्याच्या पुस्तकावर रेघ ओढणारी ही बाई नव्हे, पण इथं ओढली होती. वीजवाल्याची चिठ्ठी होती ती. प्रेमाबिमाचं तिथं काही नव्हतं. आज दिवसभरात तुझ्याशी कोण कोण बोललं, एवढंच तो तिला विचारत होता.

मी काय लिहायचो? आमच्याकडं फौजीचं पत्र वडिलांच्या नावानं यायचं. वडील ते सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचे, भावकीतले दोघं-तिघं ऐकायला आलेले असायचे आणि बायको आतल्या दाराआड उभी. त्यामुळं पत्रात पाऊसपाणी, बैल, खताची पोती. शेवटी 'घरात सर्वांना नमस्कार सांगणे'. त्या सर्वांत ती आली. पलटणीतले हुशार गडी बायको माहेरी गेली की तिकडं वेगळं पत्र टाकायचे. मलाही ते सुचलं होतं. लोक बाईलवेडा म्हणतील म्हणून टाकलं नाही. लिहायचं पुष्कळ होतं.

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. ती राहिली बाजूला, माझा जळफळाटच वाढला. सकाळची एसटी धरून मी सांगलीला गेलो आणि पुस्तक मुलीच्या हातात दिलं. आईचं वाचून झालंय, आजच परत कर, असं धडधडीत खोटं सांगितलं.

बायको आली. तिनं उशाशी बघितलं, मग उशीखाली बघितलं.

"मुदत संपली म्हणून दिऊन आलो," मी म्हणालो.

"मुदत अजून आठ दिवस हुती." एवढं बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर ती शेंगा फोडत बसली होती. मान खालीच.

"तुमी वाचलं असंल ते."

"व्हय."

"मग शेवट सांगा."

ही संधी मी सोडणार नव्हतो. "प्रदर्शन उठलं, बोटीत बसला आन गेला. परत काय आला न्हाई."

"चिठ्ठी तरी?"

"कसली चिठ्ठी! एक न्हाई."

सांगताना मला झकास वाटत होतं. आता ही त्याला दोन शिव्या हासडेल, डोळ्याला पदर लावेल आणि तो एकदाचा घरातून जाईल, असा माझा हिशेब. पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. अंगावरचं ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा तिनं श्वास सोडला.

"बरं झालं," ती म्हणाली. "तो आला असता तर मला सोसलं नसतं. त्या पोरीवर मी लय जळत हुते बघा. आता ती माझ्यासारखीच झाली."

आणि परत शेंगा फोडायला लागली.

पुस्तकात तो परत आला होता. शेवटची वीस पानं तो तिच्याजवळ बसून नुसता बोलत होता.

परवा मुलीचा फोन आला. आईला ते पुस्तक पुन्हा आणू का, असं ती विचारत होती. बायको चुलीपाशी होती. तिला न विचारताच मी नको म्हणालो.