"कसं झालं?" विचारायचं नाही

फौजेतली पोस्टिंग निदान कागदावर येते. ही मला शेजाऱ्यांनी गळ्यात घातली. १९९३ साल, मराठवाड्यात भूकंप नुकताच झालेला. मी आर्मी मेडिकल कोअरमधून सुभेदार म्हणून रिटायर होऊन ठाण्याच्या नौपाड्यात राहत होतो. मदतीला निघालेल्या स्वयंसेवकांना मी शिकवायचं होतं, घरची माणसं गेलेल्यांशी कसं वागावं. रविवारी ट्रक निघणार होता. त्यात कोण बसणार, हेही मीच ठरवायचं.

तंबू, पाणी, संडासाचे खड्डे त्यांना एका सकाळीत जमले. गप्प बसणं काही जमेना. आपल्याकडे समाचाराला आलेला प्रत्येक जण चप्पल काढता काढताच विचारतो, "कसं झालं हो?" घरातली बाई पहिल्यापासून सगळं सांगते, रडते. डोळे पुसते तोवर पुढचा येतो. छावणीत ही सगळी पलटण एकाच बाईला तेच विचारणार. मी घसा फोडून सांगितलं, हे विचारायचं नाही.

"मग विचारायचं तरी काय साहेब?" डोंबिवलीचे साठे म्हणाले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर. माझ्या प्रत्येक वाक्यात नाक खुपसायचे.

"पाणी हवं का, ते विचारा."

"एवढंच? लोकांना वाटेल, हे नुसते बघायला आलेले."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, प्रॅक्टिसच करू. माझा साथीदार लान्स नायक दामू बर्फाखाली गेलाय. या एकेक जण भेटायला. गोष्ट खरीच होती, माझ्या नोकरीतली. खोटी रचायला मला येत नाही.

पहिल्या बाई आल्या. "अरेरे! कसं झालं हो?"

सांगितलं. सकाळी गस्तीची तुकडी निघाली, वरून बर्फाचा कडा सुटला. मी खाली एड पोस्टवर, जखमींच्या तंबूत. रेडिओ बोलला, "एक कॅज्युअल्टी. ओव्हर." मी विचारलं, "कोण? ओव्हर." रेडिओ खरखरला. "दामू. ओव्हर."

दुसऱ्याने तेच विचारलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्याला बर्फ किती फूट होतं ते हवं होतं. सकाळपासून शिकवलेलं सगळं पाण्यात. एकालाही ट्रकमध्ये चढू देत नाही, असं ओरडणारच होतो. तेवढ्यात चौथ्याने विचारलं. "कोण? ओव्हर"च्या पुढे माझा आवाजच फुटेना.

मागून टाळ्या. "वा सुभेदारसाहेब, काय अभिनय!"

"अरे गप रे!" साठे खेकसले. "बाहेर जा सगळे. चहा घ्या."

खुर्ची ओढून ते माझ्या शेजारी बसले. पाण्याचा पेला पुढे केला. विचारलं काहीच नाही. मला रडू आवरेना, आणि ते तसेच बसून राहिले. बाकीचे हातात चहा घेऊन दारातून बघत होते.

"हेच सांगत होतो सकाळपासून," मी नंतर दारातल्या सगळ्यांवर ओरडलो. रविवारी ट्रक भरून गेला.

साठ्यांजवळ मात्र त्या दुपारी मी आपणहून बोललो. दामू बाळकुमच्या कोळ्यांचा. रजेवरून येताना ट्रंकभर सुके बोंबील आणायचा. बराकीत वास सुटला की आमचा पंजाबी हवालदार शिव्या घालत ट्रंक बाहेर फेकायचा आणि जेवणाला तोच ताट घेऊन पहिला हजर. "खाओ हवालदारसाब, शरमाओ मत," म्हणत दामू त्याला वाढायचा. दामू गेल्यावर त्याचं सामान त्याच हवालदाराने बांधलं. उरलेले बोंबील त्याने कुणाला फेकू दिले नाहीत. कागदात नीट गुंडाळून, युनिफॉर्मच्या शेजारी ठेवून, बाळकुमला पाठवले.