दोघांपैकी कोणीही

मी जबलपूरला निघाले त्या सकाळी बुऱ्हाणपूरच्या फलाटावर दादानं माझ्या शांतीला कडेवर घेतलं होतं. तिचे वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला चालले होते. आई म्हणाली, "पोरीची फिकीर करू नको. दादा काय पराया आहे?" गाडीनं चांदनी स्टेशन सोडलं तरी मी रडतच होते. पण मनाला आधार होता.

तो आधार बँकेतल्या पैशांचा. आक्का, तू डोईफोडियाला सासरी होतीस, तुला हे कोणी सांगितलं नसेल. निघण्याआधी मी पाटल्या, गोठ, सगळं मोडलं होतं. ट्रेनिंग संपलं की खोली घ्यायची आणि शांतीला न्यायचं, म्हणून. दादानं मला बँकेत नेलं, दोघांच्या नावानं खातं उघडलं. फॉर्म इंग्रजीत होता. मी विचारलं, "दोघांची नावं कशाला?"

"जॉइंट खातं आहे. दोघांच्या सह्यांशिवाय पैसा हलत नाही. तुझ्याशिवाय मीपण हात लावू शकत नाही," दादा म्हणाला. त्यानं बोट ठेवलं तिथं मी सही केली.

जबलपूरला होस्टेल, मेट्रनबाईंचा धाक, शिवाय रोज इंग्रजीचा तास. परीक्षा झाली तशी मी बुऱ्हाणपूरला आले आणि स्टेशनवरून थेट बँकेत गेले. क्लार्क म्हणाला, "खात्यात नावापुरती रक्कम उरली आहे."

"मी तर कुठंच सही केली नाही."

"तुमची लागत नाही, बाई. काही जॉइंट खात्यांत दोघांनी मिळून सही करावी लागते. तुमचं तसं नाही. इथं लिहिलंय, दोघांपैकी कोणीही काढू शकतो." त्यानं फॉर्म माझ्याकडे फिरवला. आता मला वाचता येत होतं. ती ओळ माझ्या सहीच्या बरोबर वर होती.

घरी दादा जेवायला बसला होता. इतवाऱ्याच्या बाजारात त्यानं कापडाचं दुकान घेतलं होतं. "पैसा घरातच आहे ना," तो म्हणाला.

"मग दुकानावर माझं नाव का नाही?"

त्यानं आईकडे ताट पुढे केलं. आई त्याला वाढता वाढता म्हणाली, "तेव्हाच खरं सांगितलं असतं, तर तू सही केली असतीस का?"

म्हणजे आईला पहिल्यापासून ठाऊक होतं. दादाचा राग मी कसाही गिळला असता. आईचं ते वाक्य मात्र गिळता आलं नाही.

मी त्याच दिवशी शांतीला घेऊन निघाले. ती मला विसरली होती. दादाच्या गळ्याला मिठी मारून "मामा, मामा" करत होती. दादाही रडत होता, आणि मला ठाऊक आहे, ते रडणं खोटं नव्हतं.

पहिली काही वर्षं जबलपूरलाच एका विधवा शिक्षिकेच्या पडवीत काढली. आता नोकरी आहे, दोन खोल्या आहेत. वरच्या वर्गातल्या मुलींना मी जमा, बाकी, चेक हे शब्द शिकवते, आणि सही करण्याआधी काय वाचायचं तेही.

आक्का, तू दर दिवाळीला निरोप पाठवतेस, माहेरी ये म्हणून. मुंबईला जाताना गाडी बुऱ्हाणपूरला थांबते. तापीकाठच्या केळीच्या बागा दिसल्या की माझा जीव अजून वरखाली होतो. मी उतरत नाही. इतकं होऊनही घर म्हटलं की मला तेच घर आठवतं, आणि याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो.