फुटलेल्या भाकरीचे मार्क
जुन्या ज्वारीच्या पिठाचा वास आला की नातीची शाळा आठवते. त्या वर्षी बाईंनी पेपर न घेता अंगणात चूल मांडली अन् आमा घरच्यांना बघायला बोलावलं. पोरांनी भाकरी करायची, काय चुकलं ते सांगायचं. नातीची भाकरी तव्यावर टाकतानाच फुटली. "कावून फुटली गं?" बाईंनी विचारलं. "पीठ जुनं हाय, विरी गेली, चिकटपणा ऱ्हायला न्हाई. उकळत्या पाण्यात मळायला पाहिजे होतं." पैकीच्या पैकी मार्क! माझा नुसता जळफळाट झाला. हे तिला मीच शिकवलेलं, अन् मला पेपर लिहिता आला न्हाई म्हणून तिसरीतच घरी बसवलेलं. "बाई, मलाबी विचारा की!" मी म्हणाले, तर सगळे लई हसले. नात आता कॉलेजात हाय. माझी भाकरी फुटली की मी अजून चुलीलाच कारण सांगते, मोठ्यानं.