रामभाऊंची दुपारची डुलकी आणि सुमनताईंचा प्रश्न

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं, तेव्हा मी वैद्यकीय पदवी घेऊन जामखेडला डॉ. सुमनताईंच्या दवाखान्यात रुजू झालो. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "शिकताना न सुटलेला एखादा प्रश्न सोबत आणलाय का?" माझ्याकडे तसा एकही नव्हता. ताईंकडे मात्र डझनभर होते.

रामभाऊ आमचे कंपवाताचे रोगी. हात सारखा थरथरे, पाऊल अडखळे. एके दिवशी त्यांचा मुलगा दत्तू त्यांना घेऊन तणतणतच आला.

"बाई, म्हातारा सोंग करतोय. सकाळी उठला की आपल्या हातानं बैलापुढं वैरण टाकतो, अन् दुपारी जेवायला बसला की म्हनतो, घास भरव. आता मी न्हाई भरवनार!"

रामभाऊंनी मान खाली घातली. "मला बी कळत न्हाई, बाई, असं का हुतं."

ताईंनी दत्तूला दटावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला घेऊन त्या थेट त्यांच्या घरी गेल्या. रामभाऊंना डुलकी लागली आणि हाताची थरथर थांबली. जागे झाल्यावर ते उठले, माठापाशी गेले आणि थेंबही न सांडता तांब्याभर पाणी प्यायले. आम्ही बसूनच राहिलो. थोड्या वेळाने अंगठा हलू लागला, मग सगळा हात. दत्तू बघतच राहिला.

"हे सोंग नव्हे," ताई म्हणाल्या. "मेंदूत खोलवर हालचाली सांभाळणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. ते बिघडलेत. झोपेनंतर ते जरा सावरतात. सगळ्यांचे नाही, पण यांचे सावरतात. का, ते मला ठाऊक नाही."

"मंग मी काय करू?"

"उठल्या उठल्या ताट वाढ. हात साथ देईल तोवर ते आपले आपण जेवतील. पुढचे घास तू भरव."

दत्तू वडिलांजवळ टेकला. "चुकलं माझं, आबा."

रामभाऊ पुढे कित्येक वर्षं निम्मी भाकरी स्वतःच्या हाताने खात होते.

अलीकडे संशोधक सांगू लागले, की त्याच पुंजक्यांतल्या काही पेशी झोप आणतात, तर काही जागं ठेवतात. ते वाचून ताईंनी मला फोन केला. मला वाटलं, झोपेचा त्या पुंजक्यांशी संबंध असल्याचा आपला तर्क खरा ठरल्याचा आनंद सांगतील. त्या म्हणाल्या, "अहो, मग रामभाऊंना झोपेनं सावरलं, की जागं होण्यानं? हे आपण विचारलंच नव्हतं!"

ताई आज पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि उत्तरं शोधत त्यांच्यामागे धावायला आम्हांलाही थोडं लाभो.