कॉर्नर निघाला की विलास उठायचा

विलास गेल्याचा मेसेज आला तेव्हा आमच्या ग्रुपवर कॉर्नरवरून भांडण चालू होतं. आदल्या दिवशी आमच्या जुन्या क्लबच्या पोरांनी अकरा कॉर्नर मिळवले आणि एकाचंही सोनं केलं नाही, म्हणून सगळे म्हातारे चवताळले होते. डाव्या विंगवाल्याला दहापैकी किती गुण द्यायचे यावर तिघं जण सकाळपासून टाइप करत होते. मध्येच विलासच्या मुलाने लिहिलं, "बाबा आज पहाटे गेले." त्याच्या खालोखाल कुणाचा तरी आधीच लिहिलेला मेसेज येऊन पडला, "शून्य द्या आणि घरी बसवा."  मी स्कूटर काढली. सदाशिव पेठेतून बोपोडीला विलासच्या घरी पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुःख नव्हतं, हे कबूल करतो. एकच विचार होता... आता तो माणूस येणार आणि हात जोडणार.

तो माणूस म्हणजे आमच्या क्लबचा त्या वेळचा सेक्रेटरी. मी इथे त्याचं नाव लिहिलं होतं, संपादकांनी काढलं. काढू दे. ज्याला कळायचं त्याला कळेल. दुसऱ्याच दिवशी चौकात त्याने फ्लेक्स लावला. विलासचा फोटो पासपोर्टएवढा आणि शोकाकुल म्हणून याचा स्वतःचा कमरेपर्यंत. पस्तीस वर्षांत त्याने पहिल्यांदा विलासपुढे हात जोडले, तेही विलास बघत नसताना. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच.

विलास आमचा गोलकीपर. उंच, हडकुळा, आणि हात असे लांब की शर्टाच्या बाह्या कधी मनगटापर्यंत पोहोचल्याच नाहीत. मी सदाशिव पेठेतला, म्हणजे जिथे फुटबॉल हा पायाने करायचा आचरटपणा समजतात अशा भागातला. सायकल मारत खडकीच्या मैदानावर जायचो आणि बहुतेक वेळा राखीव खेळाडू म्हणून बसून परत यायचो. सराव संपला की विलास मला म्हणायचा, "चल, वीस मार." बाकीचे बूट काढत असताना तो पुन्हा गोलमध्ये उभा राहायचा आणि मी वीस किक मारायचो. एकोणीस तो अडवायचा. विसावी सोडायचा, आणि सोडली असं मला कळू द्यायचा नाही. मला ते कळायला पुष्कळ वर्षं लागली. असा माणूस होता... घरी जाताना दुसऱ्याने मान खाली घालू नये एवढी काळजी करणारा.

आणि त्याच्यावर त्या सेक्रेटरीने आळ घेतला. स्थानिक लीगमधला शेवटचा सामना होता, समोर एका कारखान्याचा संघ. बरोबरी झाली तरी लीग आम्ही जिंकणार होतो. शेवटची दोन मिनिटं राहिली असताना त्यांना कॉर्नर मिळाला. मैदानात चिखल, गोलसमोर पंधरा माणसं एकमेकांना धरून उभी. चेंडू जवळच्या पोस्टवर उतरला आणि गोंधळात आत गेला. आम्ही हरलो. हरण्याचं काही नाही, आम्हाला सवय होती. पण दोन महिन्यांनी विलासला त्याच कारखान्यात खेळाडू म्हणून नोकरी लागली, आणि मैदानासमोरच्या चहाच्या हॉटेलात सेक्रेटरी भरल्या बाकांसमोर म्हणाला, "गोल असाच गेला का? नोकरीसाठी सोडला त्याने." विलासने त्या नोकरीची चाचणी सामन्याच्या महिनाभर आधी दिली होती, आणि ते सेक्रेटरीला ठाऊक होतं. चांगला कीपर हातचा जातोय याची जळजळ होती ती. पण आळ घ्यायला पुरावा लागत नाही, तो उतरवायला लागतो.

विलास एक शब्द बोलला नाही. त्याच कारखान्यात तो निवृत्तीपर्यंत राहिला. क्लबच्या सामन्यांना येत राहिला, नंतर त्याच हॉटेलात आमच्याबरोबर बसत राहिला. तिथे आमची पद्धत अशी की सामना संपल्यावर प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण द्यायचे, आणि गुणांवरून चहा गार होईपर्यंत भांडायचं. विलास हिशेबी बोलायचा आणि त्याचं बहुतेक सगळे ऐकायचे. पण कुणी कॉर्नरचा विषय काढला की तो उठायचा, सगळ्यांचे रिकामे कप गोळा करून गल्ल्याशी नेऊन ठेवायचा आणि तिथेच मालकाशी बोलत थांबायचा. विषय बदलला की परत यायचा. हॉटेलमालक गमतीने म्हणायचा, "साहेब, तुम्हाला वेटर म्हणून ठेवू का?"

तो उठून गेला की त्याची बाजू मी लढायचो. मी डूख धरला होता आणि मला त्याची लाज नव्हती. सेक्रेटरीच्या प्रत्येक माणसाला मी एकच सांगायचो, "विलासने काही सोडलं नाही. जवळचा पोस्ट राखायचं काम दत्तूचं होतं, दत्तूने पोस्ट सोडला. मी डोळ्यांनी पाहिलंय." दत्तू आमचा हडपसरचा बचावपटू, शेतकरी घरातला, खांदे बैलासारखे आणि बोलणं मोजकं. मी इतक्या वेळा हे सांगितलं की लोकांना पटलं. पुढे पुढे तर हॉटेलात म्हणच पडली. कुणी उशिरा आला, कुणी ऐन वेळी दगा दिला की म्हणायचे, "दत्तू झाला बघ याचा." पोरं हसायची. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता तीसुद्धा हसायची. दत्तू दोनेक वर्षं आला आणि मग यायचा थांबला. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

विलासच्या शोकसभेत सेक्रेटरी बोलायला उभा राहिला. "विलास म्हणजे क्लबचा आधारवड," वगैरे. मी उठलो आणि त्याला मध्येच तोडलं. म्हणालो, "आधारवडाने गोल विकला असं तुम्ही म्हणाला होतात. त्या दिवशी पोस्ट दत्तूने सोडला, मी पाहिलंय. आज एवढी माणसं आहेत, विलासची माफी मागा, मग वड लावा."  तो चष्मा पुसत राहिला, "ही वेळ नाही," असं काहीतरी पुटपुटला आणि मागच्या दाराने गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, सणाच्या जेवणानंतर वाटतं तसं भरल्या पोटाचं समाधान वाटलं.

चार दिवसांनी विलासच्या घरी गेलो. मला वाटलं, सुमनवहिनी आता माझे आभार मानतील. त्यांनी पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पुन्हा दत्तूभाऊजींचंच नाव घेतलंत."

"मग कुणाचं घेऊ?"

"यांचं घ्यायचं होतं. चेंडू यांच्या हातून सुटला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच सांगितलं मला. म्हणाले, दोन्ही हातांत आला होता गं, आणि चिखलाने निसटला."

मी पेला हातात घेतला. वहिनीच पुढे म्हणाल्या, "दर दिवाळीला हडपसरला फराळ घेऊन जायचे. कशासाठी जातात ते तुम्हाला कधी सांगितलं नाही ना? मलाही दहा वर्षांनी सांगितलं."

जिना उतरताना मला विलासचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याची गचांडी धरली असती. सुटला तर सुटला, जगातल्या कुठल्या कीपरच्या हातून सुटत नाही? पण मग लक्षात आलं, त्याला बोलायची सोयच नव्हती. "माझ्या हातून सुटला" म्हणाला असता तर सेक्रेटरीने टाळी वाजवून सांगितलं असतं, पाहा, कबूल झाला. म्हणून तो गप्प. आणि तो गप्प म्हणून मी बोलत राहिलो, आणि मी बोलत राहिलो ते तो ऐकत राहिला, गल्ल्याशी उभा राहून, पस्तीस वर्षं. त्याने एकदा तरी मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

हडपसरला दत्तूचं घर शोधायला तासभर लागला. जिथे त्यांची शेती होती तिथे आता चार इमारती आहेत, त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर तो राहतो. दार त्यानेच उघडलं. खांदे अजून तसेच. पूर्वी आम्ही अरेतुरे करायचो.

"या. बसा," तो म्हणाला. "इलास गेला, कळलं मला."

मी वहिनींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्याने मान हलवली. "ठावं हाय. दोन हातांवर हुतो मी. पोस्टला पाठ लावून. हातातनं सुटल्याला बगितला म्या."

"मग बोलला का नाहीस, दत्तू? एवढी वर्षं?"

"काय बोलू? कीपरच्या हातनं सुटला म्हनलो असतो, तर त्यो सेक्रेटरी खरा ठरला असता. इलासची नोकरी नवी हुती. घरात पाच तोंडं हुती त्याच्या." त्याने खिडकीबाहेरच्या इमारतींकडे हात केला. "माझं काय, शेती हुती. नाव खराब झालं म्हनून जवारी उगवायची थांबत न्हाय."

मी त्याच्या पायाशी वाकलो. त्याने मला धरून खुर्चीत बसवलं, रागाने नाही, पण प्रेमानेही नाही. मी म्हणालो, "माफ कर मला."

"न्हाय," तो म्हणाला. "माझी पोरगी कॉलेजात हुती तवा तिला तुमच्या क्लबातली पोरं दत्तूची पोरगी म्हनून हसायची. रडत घरी यायची ती. तवा न्हाय आला तुमी माफी मागायला." आतून त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. तो माझ्याकडे बघत राहिला. "त्या दिवशी तुमी कुटं बसला हुता?"

"बाकावर."

"बाक कुटं हुता?"

मी चहाकडे बघितलं. बाक मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होता, आमच्या गोलपासून सगळ्यात लांब. त्यातून पंधरा माणसं मध्ये. दत्तूला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं, त्याला फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं. मी सांगितलं.

"मंग जिथं बोलला तिथं सांगा की," तो म्हणाला. "मला नगं. हाटेलात सांगा. आन् पेपरात लिवताय म्हनं इलासवर, तर तितंबी लिवा. तुमचं नाव आसंल, फोटू आसंल. समद्यांनी वाचू दे."

गेल्या रविवारी हॉटेलात सांगितलं. कुणी हसलं नाही. कुणीतरी कॉर्नरचा विषय काढून वेळ मारून नेली, आणि मी सवयीने मान वळवून बघितलं तर टेबलावर रिकामे कप तसेच पडलेले होते, ते उचलायला कुणी उठलं नाही. सेक्रेटरीचा सूड मी अजून घेणार आहे, त्याने निवांत झोपू नये. पण त्याच्या आधी माझा नंबर आहे. दत्तूने जागा सोडली नव्हती. विलासने गोल विकला नव्हता, तो त्याच्या हातून सुटला होता. आणि मी डोळ्यांनी पाहिलं असं पस्तीस वर्षं सांगणारा मी... मला बाकावरून काहीही दिसत नव्हतं.