पेशंटसोबत आलेला देव

दवाखान्याच्या कपाटात औषधांची सँपल साठतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. फरक एवढाच, सँपल एक्स्पायर होतात, किस्से नाही! मी राजारामपुरीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. आमच्याकडे पेशंट एकटा कधी येतच नाही. बरोबर मुलगा, सून, शेजारीण आणि एक देव असतो. या सगळ्यांची समजूत काढल्याशिवाय आमच्या सर्जन मॅडमना ऑपरेशनची तारीख देता येत नाही.

आता हौसाआक्काचंच घ्या. राधानगरीकडची म्हातारी. पित्ताशयात खडे. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन करा. पित्ताशय फुटलं तर जीवावर बेतेल."

मुलगा शामराव म्हणाला, "करूया की! पर आदी देवाचा कौल घेतो."

म्हणजे गुरव देवाच्या अंगावर दोन बाजूंना दोन ओल्या कळ्या चिकटवणार आणि प्रश्न विचारणार. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पडली डावी! मॅडम चिडल्या, "सोनोग्राफी मी करायची आणि रिपोर्ट देवानं द्यायचा होय?"

तेव्हापासून आक्काचं एकच. कळ उठली की ॲडमिट, सलाईन, परत घर. मध्ये कौल, आणि दरवेळी डावा. शामराव वाईट नव्हता हो. आईवर जीव होता, म्हणूनच घाबरायचा.

*

आक्काच्या शेजारच्या खोलीत एक पैलवान होता, जुलाबानं पार गळाठलेला. त्याचा चुलता रोज सलाईनच्या बाटलीला अंगारा लावायचा. मॅडम म्हणाल्या, "बाटलीला लावा, सुईला लावलात तर बघा!" तिसऱ्या दिवशी गडी उठून चालायला लागला. मी चुलत्याला विचारलं, "काय पावणं, कशानं बरं वाटलं?"

"अंगाऱ्यानंच की!" मग माझं तोंड बघून म्हणाला, "पर सलाईनबी काय आडवं आलं न्हाय!"

*

एकजण छातीचा एक्सरे काढायला आला. गळ्यातला ताईत काढायला तयार नाही. जीव गेला तरी चालेल म्हणे! शेवटी ताईतासकट एक्सरे काढला. फिल्मवर बरोबर छातीच्या मधोमध पांढराशुभ्र चौकोन. मॅडमनी त्याला बोलावून फिल्म दाखवली. म्हटलं आता तरी लाजेल. गडी हरखला, बायकोला हाक मारून म्हणाला, "बग गं, पार आतपतोर पोचलाय!"

*

शुगरवाले एक आजोबा गुरुवारचा उपवास करायचे आणि शुक्रवारी चक्कर येऊन आमच्याकडे यायचे. साबुदाण्याची खिचडी, रताळी, वर केळी. मॅडमनी त्यांना समोर बसवलं.

"देवासाठी काय सोडलंय?"

"भाकरी."

"मग आता साबुदाणा सोडा. जास्त पुण्य लागेल."

"आनि खाऊ काय?"

"भाकरी!"

आजोबांनी बराच विचार केला. म्हणाले, "मंग त्यो उपास कसला? त्यो बुधवार झाला की!"

*

मॅडमचं स्वतःचं देवाधर्माचं काही नसतं. आमच्या वॉर्डबॉय मामांनी ऑपरेशन थिएटरच्या दाराला लिंबू-मिरची बांधली, तर बाईंनी हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. "काढा आधी ते!" मामांनी मुकाट्यानं काढलं. दुपारी मॅडमना वाईट वाटलं असावं. मऊ आवाजात विचारलं, "मामा, टाकलंत ना ते लिंबू?"

"ताजं हुतं ओ. टाकायचं कशाला? सरबत केलं. पयला गिलास तुमालाच दिला की!"

*

एकदा आक्कानं माझा रिकामा गळा बघून विचारलं, "सिस्टर, तुमचा देव कुठला?"

मी म्हटलं, "आम्ही बौद्ध, आक्का. घरात बुद्धांचा फोटो आहे, पण नवस-कौल नाही."

"मंग घरात कोन आजारी पडलं तर इचारता कुनाला?"

"डॉक्टरला."

"त्येला न्हाय कळलं तर?"

"दुसऱ्या डॉक्टरला."

आक्कानं माझा हात हातात घेतला आणि कळवळून म्हणाली, "लेकी, लई फी पडत असंल गं तुमाला!"

*

गेल्या पावसाळ्यात आक्काची कळ फारच जोराची उठली. अंगात ताप, डोळे पिवळे. शामरावानं गावाहून फोन केला, पण त्याचं आपलं तेच, कौल! मॅडम फोनवर ओरडल्या, मी विनवलं. मग आक्कानंच फोन घेतला. "मॅडम, तुमीच या देवळात. आनि गाडी घिऊन या."

गेलो. धो धो पाऊस. आक्का भिंतीला टेकून बसली होती, पोट धरून. मला रडूच आलं तिला बघून. गुरवानं कळ्या चिकटवल्या आणि नेहमीचं सुरू केलं, "देवा, हौसाचं आपरेशन करायचं का?"

"थांब!" आक्का म्हणाली. "ते लई डाव इचारून झालं. आता असं इचार, हौसानं घरातच पडून ऱ्हावं का?"

गुरव गडबडला. शामराव म्हणाला, "आये, असं उलटं कसं?"

"दुखतंय कुनाला? तुला का मला?"

गुरवानं विचारलं. सगळे बघतायत. कळी काही पडेना. ना उजवी, ना डावी. मॅडम घड्याळ बघतायत, मी आक्काची नाडी. शेवटी आक्काच खेकसली, "बोल की मर्दा! पोट दुखतंय माजं!"

टपकन पडली. डावी! घरात राहायचं नाही.

शामरावानं देवाला हात जोडले, आईला पाठीवर घेतलं आणि तसाच भिजत गाडीकडे पळाला. गाव मागे पडल्यावर मॅडमना राहवेना. म्हणाल्या, "आक्का, खरं सांगा. उजवी पडली असती तर?"

आक्का मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. डोळे न उघडताच म्हणाली, "तर परत इचारलं असतं. त्येला कुठं घाई हाय? घाई मला हाय. चला, गाडी जरा बिगी बिगी घ्या!"